उतार नदीला असतो

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतल्या जीपवजा गाड्यांना एक नवे इंद्रिय फुटले आहे. मडगार्डच्या पत्र्यातून बाहेर पडणारी, पुढल्या काचेच्या कडेने छपरापर्यंत चढणारी आणि वर पोचताच फणा काढून पुढे वळणारी ही काळी नळी म्हणजे स्नॉर्कल. ती सिग्नलला उभी दिसते, मॉलच्या तळघरात दिसते, लग्नाच्या कार्यालयाबाहेर दिसते. धुतलेली, पुसलेली, बहुधा ओढ्याचे पाणी कधीच न पाहिलेली. फोर्सच्या गुरखा गाडीला ती कारखान्यातूनच लागून येते. थार आणि जिम्नी बाळगणारी हौशी मंडळी ती बाहेरून बसवून घेतात. अशा नळीविषयी मराठी शिकवणाऱ्यांनी काही लिहावे हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने आम्हांस लिहिते केले तो निम्मा यंत्राचा आणि निम्मा भाषेचा आहे. पाणी ओलांडता येणे हा गुण कुणाचा? गाडीचा, की नदीचा?

आधी नळीचे काम नीट समजून घेतले पाहिजे. इंजिन हा फार मोठा श्वास घेणारा प्राणी आहे. २.२ लिटरचे डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असेल, तर टर्बोने कोंबलेली जादा हवा सोडून दिली तरी ते मिनिटाला २००० लिटरहून अधिक हवा ओढते. ही हवा सामान्यतः बॉनेटच्या आत, पुढल्या दिव्याच्या आसपास असलेल्या तोंडातून घेतली जाते. त्या तोंडापर्यंत पाणी चढले की हवेच्या जागी पाणी आत जाते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सारा अनर्थ या शाळकरी नियमात आहे. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात एकेका सिलिंडरची धारणा साधारण ५५० घनसेंटिमीटर. ते हवा सोळापटीने दाबते असे धरले, तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ३६ घनसेंटिमीटरच्या आसपास. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या दहा मिलिलिटरच्या टोपणाने मोजायचे तर साडेतीन टोपणे. त्याहून अधिक पाणी आत गेले की पिस्टनला वर जायला वाव नाही, आणि बाकीची सिलिंडरे व फ्लायव्हील तर त्याला ढकलतच असतात. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कधी तो इंजिनाचे कवच फोडून बाहेरही येतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘लॉक’ होते. पेट्रोल इंजिनात वर उरणारी जागा थोडी ऐसपैस असते म्हणून ते कधी थोडक्यात वाचते, इतकेच. आपल्या बोलीतला ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हा प्रयोग यंत्राला इतका अक्षरशः लागू पडेल असे तो रूढ करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

स्नॉर्कल या प्रवेशद्वाराची उंची वाढवतो. बॉनेटखालचे नाक छपराशी नेतो. एवढेच त्याचे काम, आणि ते तो नीट बसवला तर चोख करतो. ‘नीट बसवला तर’ हे शब्द मात्र मोलाचे आहेत. मडगार्डवर कागदी साचा चिकटवून, गोल करवतीने भोक पाडायचे, कापलेल्या कडेची धार घासून तिला गंजरोधक रंग द्यायचा, आतल्या एअर फिल्टरच्या डब्याला नळी जोडायची, प्रत्येक सांधा पट्ट्याने आवळून सीलंटने बुजवायचा. याउपर एक गोष्ट हमखास विसरली जाते. फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी निथळण्यासाठी एक छिद्र किंवा रबरी झडप असते. ती मोकळी राहिली तर छपरावरचे नाक शोभेपुरते उरते. डबा पाण्यात बुडाला की इंजिन खालूनच पाणी पिते. काम जमले की नाही हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू द्यायचे आणि नळीचे तोंड झाकून पूर्ण बंद करायचे. इंजिन गुदमरून बंद पडले तर सांधे घट्ट आहेत. ते निवांत चालत राहिले तर कुठूनतरी चोरून श्वास घेते आहे, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जाईल. आपल्याकडे नळ्या बसवून घेणाऱ्यांपैकी किती जण ही परीक्षा करून घेतात याविषयी आम्हांस दाट शंका आहे. बाजारात तर नुसत्या चिकटवायच्या नळ्याही मिळतात, ज्यांचा इंजिनाशी काही संबंधच नसतो. नाकापेक्षा मोती जड असे आपण म्हणतो. येथे तर नाकाचाच पत्ता नाही.

या वस्तूच्या नावाचा इतिहासही मनोरंजक आहे. पाणबुडीला बुडालेल्या अवस्थेतच बाहेरची हवा घेऊन डिझेल इंजिन चालवता यावे म्हणून डच नौदलाने १९३० च्या दशकात उभी नळी योजली होती. १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतले तेव्हा ही कल्पना त्यांच्या हाती लागली, आणि युद्धाच्या अखेरच्या पर्वात त्यांच्या पाणबुड्यांना ‘श्नॉर्खेल’ बसू लागले. जर्मन भाषेत हा शब्द घोरणे या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला, नाविकांच्या बोलीतून आलेला. त्याच काळात जमिनीवरच्या गाड्यांनाही असे नाक लागले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या जीपगाड्यांच्या हवेच्या आणि धुराच्या नळ्या उंच नेलेल्या होत्या, आणि विजेचे भाग जलरोधक लेपाने लिंपलेले होते. किनाऱ्याला लागल्यावर ते लिंपण लवकरात लवकर काढून टाकायचे असा दंडक होता. नाहीतर इंजिन तापायचे. म्हणजे मुळात ही सज्जता एका विशिष्ट दिवसासाठी, एका विशिष्ट किनाऱ्यासाठी होती. ती गाडीचा कायमचा स्वभाव बनली ती नंतर.

कायमची नळी खऱ्या अर्थाने रुजली ती ऑस्ट्रेलियात, आणि तिथे तिचे रोजचे काम पाण्याचे नसून धुळीचे आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते. मैलोगणती कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेल्या धुरळ्यात जाताना बॉनेटच्या उंचीवरची हवा आणि छपराच्या उंचीवरची हवा यांत पुष्कळ अंतर असते. वरची हवा स्वच्छ, म्हणून फिल्टर अधिक काळ टिकतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या मागे शेतरस्त्याने जाणाऱ्याला किंवा दगडखाणींच्या पट्ट्यात रोज फिरणाऱ्याला नळीचा लाभ बाराही महिने होईल. तेव्हा नळी बसवणाऱ्या प्रत्येकाला दिखाऊ ठरवण्याचा आमचा मनसुबा नाही.

पाण्यात मात्र एका नाकाने भागत नाही. गाडीला नाकपुड्या अनेक असतात. पुढचे-मागचे डिफरन्शियल, गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, या सर्वांना आतली तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी बारीक ब्रीदर असतात. दोन-तीन तास चालून तापलेले डिफरन्शियल एकाएकी थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. गाडी ओढा पार करून दिमाखात निघून जाते; महिन्या-दोन महिन्यांनी तेल उघडून पाहिले तर ते दुधाळ चहासारखे झालेले असते आणि बेअरिंगांची वाट लागलेली असते. ब्रीदरांना साध्या रबरी नळ्या जोडून त्या बॉनेटमध्ये उंच नेल्या की हे टळते. खर्च किरकोळ. पण त्या नळ्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्या बसवा असे म्हणत कुणी गॅरेजात येत नाही. शिवाय आजच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक, आल्टरनेटर, पन्नास सेन्सर आणि त्यांची जोडणी. नळी यांतल्या कशाचेही रक्षण करीत नाही. पंखा वेगाने फिरत असताना पाण्यात बुडाला की त्याची पाती वाकून रेडिएटरला भिडतात. जुन्या जीप चालवणारे म्हणूनच मोठ्या पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा उतरवून ठेवीत.

निसर्गात स्नॉर्कल एकाच थोर प्राण्याकडे आहे. हत्ती खोल नदी ओलांडताना सोंड पाण्याबाहेर धरून चालतो, पोहतो. या नळीला मराठी नाव द्यायचे झाले तर आम्ही ‘सोंड’ हाच शब्द सुचवू. आणि सोंड म्हटले की गजेंद्रमोक्षाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. त्या कथेतल्या गजेंद्राची सोंड अखेरपर्यंत पाण्याबाहेर होती. तिच्यात त्याने कमळही धरले होते. श्वासाची त्याला अडचण नव्हती. नक्राने धरला होता तो पाय.

गाडीचेही असेच आहे. वाहत्या पाण्यात गाडी जाते ती बहुतेक वेळा श्वास कोंडून नव्हे, पाय सुटून. यातले गणित अवघड नाही, फक्त ते कुणी मांडून दाखवत नाही. थारच्या आकाराच्या गाडीचा तळ ढोबळमानाने सहा चौरस मीटर धरू. पाणी तळाला टेकल्यावर पुढे दर १० सेंटिमीटरला ती ६०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिचे ६०० किलो वजन पाणी उचलून धरते. गाडीचे वजन पावणेदोन ते दोन टन. पाणी आत न शिरता तळापासून ३० सेंटिमीटर चढले की हिशेब पुरा होतो, आणि तळ जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे पाऊण मीटर पाण्याच्या आसपास चाकांवर भार म्हणून काही उरत नाही. भार नाही तर पकड नाही, आणि पकड नसेल तर चारही चाके फिरून उपयोग काय? कंपनीने थारसाठी २०२० साली सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटरची, गुरखासाठी ७०० मिलिमीटरची. या आकड्यांना इंग्रजीत जे म्हणतात ते देवनागरीत ‘वॉटर वेडिंग’ असे लिहिले की पाण्यातला विवाहसोहळा वाटतो, ते असो. मुद्दा असा की सोंडेचे तोंड जमिनीपासून पावणेदोन मीटरवर नेऊन ठेवले आहे आणि गाडी तरंगू लागते ती त्याच्या निम्म्याहून कमी उंचीला. वरचा एक मीटर निव्वळ कल्पनेचा आहे.

याला एक प्रत्युत्तर आहे आणि ते खरेही आहे. साचलेल्या, संथ पाण्यात अनुभवी चालक बॉनेट बुडेपर्यंत गाड्या नेतात. ते कसे? ते गाडीत पाणी येऊ देतात. प्रसंगी दारे उघडून येऊ देतात. आत पाणी भरले की गाडी जड होते आणि चाके तळाला टेकून राहतात. म्हणजे गाडी जितकी घट्ट बंद, रबरी पट्ट्या जितक्या नव्या, तितकी ती लवकर तरंगते. नव्या कोऱ्या, सर्व बाजूंनी चापून बसवलेल्या गाडीचा मालक या बाबतीत जुन्या, कॅनव्हासच्या टपाच्या जीपवाल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, आणि तोच अधिक निर्धास्तही असतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, बंद मोटारींत अडकून माणसे दगावली होती. काचा विजेच्या, कुलपे विजेची. वीज गेल्यावर ती उघडली नाहीत. गाडीच्या श्वासाची सोय करताना आत बसलेल्यांच्या श्वासाचा विचार करावा, काच फोडायची हातोडी हाताशी ठेवावी, हे सोंड विकणाऱ्याने सांगायला हवे.

वाहत्या पाण्याची गोष्ट आणखी निराळी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेने २०१६ मध्ये खऱ्या मोटारी टाकीत उभ्या करून हे तपासले. टोयोटा यारिस ही सुमारे एक टनाची छोटी गाडी अवघ्या १५ सेंटिमीटर पाण्यात सरकू लागली. पाण्याचा वेग होता सेकंदाला एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. अडीच टनांची निस्सान पेट्रोल, म्हणजे सोंड लावून मिरवायला अगदी योग्य अशी धिप्पाड गाडी, तशाच वेगाच्या ४५ सेंटिमीटर पाण्यात अस्थिर झाली. ९५ सेंटिमीटरला ती पूर्ण तरंगली. ४५ सेंटिमीटर म्हणजे उभ्या माणसाचा गुडघा. सोंडेची गरज लागते ती उंची पाण्याने गाठण्यापूर्वीच सामना संपलेला असतो.

आमच्या मते याहून मोठा पुरावा आपल्याच देशात, २८ जून २०२४ च्या रात्री मिळाला. पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदीत पाणी एकाएकी वाढले आणि सरावाहून परतणारा सैन्याचा टी-७२ रणगाडा पात्रात अडकला. पाच जवान मृत्युमुखी पडले. टी-७२ चाळीस टनांहून जड. खोल पाण्यातून जाण्यासाठी उंच नळी जोडण्याची सोय या जातीच्या रणगाड्यांत मुळातच असते. आत प्रशिक्षित माणसे. नदी त्या रात्री एका तासापूर्वीची नदी राहिली नव्हती.

इथे आम्हांस भाषेकडे वळावेसे वाटते. नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येईल अशा जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. ‘अमुक गावाजवळ नदीला उतार आहे’ हा जुना वाक्प्रयोग. पूर ओसरून नदी ओलांडण्याजोगी झाली की ‘नदीला उतार पडला’ असे म्हणत. व्याकरण पाहा: उतार नदीला आहे, नदीला पडतो. बैलगाडीला तो नसतो, बैलाला नसतो, गाडीवानालाही नसतो. संस्कृतातही तेच. ‘गाध’ म्हणजे पाय टेकेल असे पाणी, आणि आपण ज्ञानापासून लीलेपर्यंत कशालाही उधळून लावतो तो ‘अगाध’ शब्द मूळचा पाय न टेकणाऱ्या पाण्याचा. ‘तीर्थ’ या शब्दाचा पहिला अर्थ तरून जाण्याची जागा; पावित्र्य मागाहून आले. हे सर्व पाण्याचे गुण आहेत. त्यांत वेळ अध्याहृत आहे: आज उतार नाही, उद्या पडेल, तोवर या काठाला मुक्काम. पाण्याला ‘ओढ’ असते, ‘लोट’ असतो, ‘भोवरा’ असतो. गढूळ पाण्यावर पालापाचोळा आणि ओंडके दिसू लागले की वर कुठेतरी पाऊस झाला आहे हे काठावरच्या माणसाला कळत असे, डोक्यावर ऊन असले तरी.

आता जाहिरातीची भाषा घ्या. ‘७०० मिलिमीटर’ हा आकडा गाडीच्या अंगी कोरलेला आहे, तिच्या इंजिनाच्या ताकदीसारखा. तो जुलैत तेवढाच, जानेवारीत तेवढाच. तुंबलेल्या चौकात तेवढाच, सह्याद्रीतल्या ओढ्यात तेवढाच. नदीचा गुण उचलून गाडीच्या खात्यावर जमा केलेला आहे. सोंड हे या बदलाचे दृश्य रूप होय. ती लावणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतो तो ‘माझी गाडी किती पाण्यातून जाईल’ एवढाच. ‘ही नदी या वेळी जाऊ देईल काय’ हा प्रश्न विचारण्याची भाषाच मावळते. आकडा देणाऱ्या कंपन्या खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. स्थिर पाण्यात आकडा खरा आहे. पण स्थिर पाण्याची नदी कोणी पाहिली आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये वाहतुकीच्या कोंडीला कंटाळलेल्या एका पर्यटकाने आपली थार सरळ चंद्रा नदीत घातली आणि पलीकडे नेली. चित्रफीत देशभर फिरली. पोलिसांनी चलान केले. तिच्यावर ज्या चर्चा झाल्या त्यांत एक बाजू गाडीचे कौतुक करीत होती आणि दुसरी चालकाच्या बेमुर्वतपणाला नावे ठेवीत होती. आम्हांस तिसरीच गोष्ट जाणवली. चंद्रा हिमनद्यांच्या पाण्यावर वाहते. डिसेंबरात वितळणे थांबलेले, पात्र रोडावलेले. त्या दिवशी नदीला उतार होता. जुलैच्या दुपारी हाच पराक्रम करू जाणाऱ्याची चित्रफीत वेगळी निघाली असती. त्या मुलखातले टॅक्सीचालक वाटेतले ओढे सकाळी लवकर ओलांडतात, कारण ऊन चढले की बर्फ वितळून दुपारी पाणी वाढते. तिकडच्या वाटेवर एका ओढ्याचे नावच ‘पागल नाला’ आहे. त्यांच्या गाड्यांना सोंडा नसतात. त्यांच्याकडे घड्याळ असते.

सोंडेच्या माहेरीही ही समज शाबूत आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काकाडू उद्यानातून आर्नहेम लँडमध्ये जाताना ईस्ट ॲलिगेटर नदीवर ‘कॅहिल्स क्रॉसिंग’ नावाचा काँक्रीटचा उतार लागतो. नदी भरती-ओहोटीची. ओहोटीला घोट्याएवढे असणारे पाणी भरतीला गाडी वाहून नेते, आणि नदीच्या नावात ॲलिगेटर असले तरी पाण्यात असतात त्या खाऱ्या पाण्यातल्या अजस्र मगरी. (गजेंद्राची आठवण इथे अगदीच अप्रस्तुत नाही.) पाण्यात गाडी घालण्यापूर्वी स्वतः चालून तळ पाहावा हा या छंदाचा पहिला नियम, या एका जागी तो पाळणे म्हणजे आत्मघात. म्हणून तिथे जाणारे भरतीचे वेळापत्रक पाहतात, पाण्यातल्या खुंट्यांवरचे आकडे वाचतात आणि थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्या गाड्या कडेवरून खाली गेलेल्या असतात, पुष्कळदा सोंडेसकट. क्वीन्सलँड सरकारची पुराविषयीची मोहीम तर इतकी थेट आहे की तिच्यात गाडीच्या प्रकाराचा उल्लेखही नाही: पूर आहे ना, मग विसरा.

आपल्याकडे हा छंद संघटितपणे जोपासणारी मंडळे आहेत, गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरते. तिथे जागा आधी पाहिलेली असते, विंच आणि दोर तयार असतात, ओढून काढणारे उभे असतात. त्या वर्तुळातले जाणते लोक पाण्याविषयी बेफिकीर नसतात हे नमूद केले पाहिजे. कमी गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, न थांबता जावे, म्हणजे बॉनेटपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनाच्या जागी पाण्याची पातळी उतरते. मध्ये क्लच दाबू नये. इंजिन बंद पडले तर पाण्यात पुन्हा चालू करू नये. हे सारे तिथे शिकवले जाते. सोंड त्या शिक्षणाचा शेवटचा धडा म्हणून शोभते. आमची तक्रार आहे ती शिक्षणावाचून नुसता धडा विकण्याविषयी. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात पुलावरून पाणी वाहत असताना एक स्कॉर्पिओ वाहून गेली आणि आतली माणसे प्राणास मुकली. तिथे कुणी छंद म्हणून गेले नव्हते. ती घरी निघालेली माणसे होती. मोठ्या गाडीवरचा जो विश्वास अशा वेळी माणसाला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला लावतो, तो गाडीच्या देहयष्टीतून, जाहिरातीतून आणि आता या सोंडेतूनही घडत असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे: सोंड अवश्य बसवावी, पण ज्याने ती बसवली त्याने ब्रीदर आधी उंच न्यावेत, फिल्टरच्या डब्याचे बूड आधी तपासावे, आणि कंपनीने पाण्याच्या खोलीचा आकडा छापताना त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘स्थिर पाण्यात’ हे दोन शब्द छापावेत. वाहत्या पाण्यासाठी वेगळा आकडा द्यावा. तो गुडघ्याच्या खालीच येईल आणि जाहिरातीत शोभणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

सरकारकडे मागायचे ते याहून स्वस्त आहे. आमच्या भागातल्या ओढ्यांवरच्या ज्या फरश्या आम्ही पाहतो त्यांच्या तोंडाशी ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये’ असा फलक बहुधा असतो. पण पाणी किती आहे, हे गढूळ लोटाखाली दिसावे कसे? फरशीच्या दोन्ही कडांना पांढरे खांब हवेत, फरशीच्या पातळीपासून दर दहा सेंटिमीटरला काळी रेघ हवी, ३० च्या रेघेपासून वरचा भाग तांबडा हवा. एक डबा पांढरा रंग, एक डबा काळा, थोडा तांबडा, आणि पावसाळ्यापूर्वी दर वर्षी एक हात नव्याने. सरकलेल्या फरशीमुळे खांब कलला असेल तर तेही काठावरून दिसते.